दौतीच्या गळ्यातला दोरा

माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. कचेरीतलं उरलेलं काम ते घरी आणत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात पूर्ण करत. त्यांच्या उतरत्या मेजावर दोन दौती असायच्या. एक काळ्या शाईची, एक लाल शाईची. लाल शाईच्या दौतीच्या गळ्याला ते पांढरा दोरा बांधून ठेवत. दोरा मळला, तुटला, की आईकडून नवा मागून घेत. मला लहानपणी वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून बांधत असतील. एकदा मी तो दोरा काढून माझ्या बाहुलीच्या वेणीला बांधला. त्या रात्री वडिलांनी एका तक्त्याचं अख्खं पान लाल शाईने लिहिलं आणि सकाळी ते तसंच साहेबांसमोर गेलं. संध्याकाळी मला जी बोलणी बसली ती आज पंच्याहत्तरीला आले तरी आठवतात. पण लाल शाईच्या दौतीत टाक बुडवताना त्यांना कळलं कसं नाही, हा प्रश्न मात्र तेव्हा मला पडला नाही. घरातल्या मोठ्या माणसाबद्दल असे प्रश्न पडत नसत.

तो प्रश्न पडायला २०१९ साल उजाडावं लागलं. माझा नातू, म्हणजे लेकीचा मुलगा, तेव्हा तिसरीत होता. शाळेत डोळे तपासले आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा अशी चिठ्ठी घरी आली. लेक म्हणाली, आई, तू पण चल. डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. पानावर रंगीबेरंगी ठिपक्यांची वर्तुळं, आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. पहिल्या पानावर आम्हा सगळ्यांनाच १२ दिसला. पुढे एका पानावर मला स्पष्ट ७४ दिसत होता. नातू ठामपणे म्हणाला, "२१." मला वाटलं, चेष्टा करतोय. मी म्हटलं, "अरे, नीट बघ ना." तो म्हणाला, "आजी, नीटच बघतोय."

डॉक्टरांनी लेकीला विचारलं, "तुमच्या वडिलांना रंगांचा काही त्रास?" नाही, आमच्या यांना काहीच नव्हतं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "आणि तुमच्या वडिलांना?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर तो पांढरा दोरा आला.

मग एकामागून एक सगळं आठवत गेलं. मंडईत हिरव्या मिरच्यांत लाल मिसळलेल्या असल्या तर आई पिशवी स्वतःकडे घ्यायची. पाडाचा आंबा वडील नेहमी वास घेऊन आणि दाबून ओळखत, बघून कधीच नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सुट्टीचा आकडा लाल छापलेला असायचा, तरी ते आईला विचारत, "मंगळवारी सुट्टी आहे का गं?" आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "समोर लाल दिसतंय ना!" तिला तरी कुठे ठाऊक होतं!

मी निवृत्त झाले ती इतिहासाची शिक्षिका म्हणून. एखादी गोष्ट कळली की ती पहिल्यांदा कधी, कुठे, कोणाला कळली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवसापासून मी रंगांधळेपणाचा इतिहास वाचत सुटले आणि वाचता वाचता स्वतःपाशीच येऊन थांबले. ते सगळं आज तुम्हाला सांगते.

डॉक्टरांनी थेट माझ्या वडिलांपर्यंत माग कसा काढला? ही वाट १८७६ साली झुरिकच्या योहान हॉर्नर या नेत्रवैद्याने नीट मांडली. आजोबांना असलेला हा दोष मुलीला दिसत नाही, पण तिच्यातून तो नातवात उतरतो. आता आपण म्हणतो की हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईजवळ दोन एक्स असतात, म्हणून एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाजवळ एकच. बाप आपला एकुलता एक एक्स मुलीलाच देतो. म्हणजे माझ्या वडिलांचा तो एक्स माझ्यात असलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. माझ्याकडून तो लेकीला मिळाला आणि तिच्याकडून नातवाला. मला स्वतःला सगळे रंग दिसतात, पण तो वारसा मी पंचाहत्तर वर्षं अंगात बाळगून होते.

रंगांधळेपणाची पहिली नीट नोंद मिळते ती १७७७ सालातली. इंग्लंडच्या उत्तरेला कंबरलंडमध्ये मेरीपोर्ट नावाचं बंदर आहे. तिथे हॅरिस नावाचा एक चांभार होता. त्याची हकीकत जोसेफ हडर्ट याने पत्राने जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाला कळवली. हॅरिस चार वर्षांचा असताना त्याला रस्त्यात एका मुलाचा मोजा सापडला. तो द्यायला तो जवळच्या घरी गेला, तर लोक त्याला 'लाल मोजा' म्हणायला लागले. मोजा हा मोजा. त्याला आणखी 'लाल' कशाला म्हणायचं हे त्याला कळेना. इतर मुलांना झाडावरच्या चेरी लांबून दिसत, त्याला मात्र आकारावरून पानांतून शोधाव्या लागत. त्याच्या दोन भावांचंही तसंच होतं. मला ही हकीकत फार आवडते. कारण त्या चार वर्षांच्या पोराला आपल्याला काही दिसत नाही असं वाटलंच नाही. लोक उगाच जास्तीचा शब्द वापरतात असं वाटलं.

त्याच कंबरलंडमध्ये १७६६ साली जॉन डाल्टन जन्मला. अणुसिद्धांतामुळे आपल्या शाळेतल्या पुस्तकात असतो तोच हा डाल्टन. विणकराचा मुलगा, आणि बाराव्या वर्षी गावात शाळा चालवायला लागलेला. म्हणजे मास्तरच म्हणायचा. १७९२ साली त्याने जिरेनियमचं एक फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं. फूल होतं गुलाबी. डाल्टनला ते दिवसा आकाशी दिसायचं आणि त्या रात्री एकदम लाल दिसलं. त्याने आसपासच्या मंडळींना विचारलं. कुणालाच असा फरक दिसेना. एकट्या त्याच्या भावाला दिसला. ३१ ऑक्टोबर १७९४ रोजी त्याने मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढे यावर निबंध वाचला. वयाची सव्वीस वर्षं होईपर्यंत आपलं जग इतरांहून वेगळं आहे हे या बुद्धिमान माणसाला पक्कं कळलेलं नव्हतं. मग आमच्या साध्या कारकून वडिलांना कुणी काय सांगणार!

डाल्टनने जे लिहिलं त्यात एक गोष्ट शाईच्या माणसाला चटकन टोचावी अशी आहे. पाकिटं बंद करायची लाल लाख आणि झाडाचं हिरवं पान त्याला जवळपास एकाच रंगाचं दिसे. रक्त त्याला बाटलीच्या हिरव्या काचेसारखं वाटे. त्याने कारणही शोधलं. आपल्या डोळ्यातलं पाणी निळसर असलं पाहिजे आणि ते लाल उजेड गिळत असलं पाहिजे, असा त्याचा तर्क. मेल्यावर डोळे काढून तपासा, असं सांगून ठेवलं. १८४४ च्या जुलैमध्ये तो गेला आणि दुसऱ्या दिवशी जोसेफ रॅन्सम या वैद्याने डोळ्यातलं पाणी काचेवर घेऊन पाहिलं. स्वच्छ, नितळ. तर्क साफ चुकला होता. पण डोळे जपून ठेवले गेले, आणि दीडशे वर्षांनी, १९९५ साली, त्यातून डीएनए काढून तपासला. मधल्या लांबीच्या, म्हणजे साधारण हिरव्या उजेडाचं ज्ञान करून देणारं रंगद्रव्य त्याच्या डोळ्यात नव्हतं. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, त्यातला एक प्रकार त्याच्याकडे नव्हता. काही लोकांत याऐवजी लांब लहरींचा, म्हणजे लाल बाजूचा प्रकार नसतो. त्यांना लाल रंग नुसता वेगळा दिसतो असं नाही, तर काळपट दिसतो. माझे वडील यातले. माझा नातूही यातलाच.

आता शाईकडे वळते. लाल शाई आली कुठून? ती फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमधले लेखनिक पपायरसवर काळी आणि लाल अशा दोन शाया वापरत. मजकूर काळ्यात, मथळे आणि प्रकरणाची सुरुवात लाल गेरूने. युरोपातल्या मठांमध्येही तीच रीत होती. हल्लीच्या शिक्षकांना मूल्यमापनासाठी 'रुब्रिक' करावं लागतं ना, तो शब्द मुळात लाल गेरूच्या लॅटिन नावावरून आला आहे. आपल्या जुन्या पोथ्या बघा. काजळाची काळी शाई, आणि श्लोकांचे आकडे, 'उवाच', अध्यायाची समाप्ती हिंगुळाच्या लाल शाईत. चूक झाली तर त्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावत आणि वर पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला; दुकानं बंद ठेवण्याचा हरताळ वेगळा. १८७४ साली जर्मनीत हाइनरिश कारो याने इओसिन हा लाल रंग तयार केला आणि लाल शाई स्वस्त झाली. शाळा, कचेऱ्या, पेढ्या, जिथे कुणाला तरी कुणाची तरी चूक दाखवायची होती तिथे ती पोचली.

या सगळ्या हजारो वर्षांत काळ्याशेजारी लाल ठेवताना एक गोष्ट गृहीत धरलेली होती. वाचणाऱ्याला फरक दिसतोच. लेखनिकाला दिसतो ना, मग झालं. खरं तर गोऱ्या युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारातल्या एकाला कमीअधिक रंगांधळेपणा असतो आणि बायकांत दोनशेत एकीला. आपल्याकडच्या पाहण्यांत पुरुषांतलं प्रमाण याहून कमी भरतं. पण कमी म्हणजे नगण्य नव्हे. साठ मुलांच्या वर्गात एखादा असणार, हे धरूनच चालायला हवं होतं.

आणि इथे मला माझ्या वर्गात यावं लागतं.

१९८३-८४ चं साल असेल. तालुक्याच्या गावातली शाळा, आठवीचा वर्ग. मला फळा नीटनेटका लिहायची फार हौस. मजकूर पांढऱ्या खडूने आणि सनावळ्या व विशेषनामं लाल खडूने. 'ठळक दिसावं म्हणून.' इतर शिक्षक माझ्या फळ्याचं कौतुक करत. फळा तेव्हा कोळसा लावून काळाकुळकुळीत केलेला असे.

त्या वर्गात एक मुलगा होता. शांत, अक्षर सुरेख. त्याची इतिहासाची वही तपासायला घेतली की माझं डोकं फिरायचं. '_____ साली रायगडावर राज्याभिषेक झाला.' '_____ च्या तहाने _____ संपुष्टात आली.' जिथे साल तिथे मोकळी जागा, जिथे नाव तिथे मोकळी जागा. बाकी सगळं अक्षरन् अक्षर उतरवलेलं. मी वहीत शेरा मारायची, 'निष्काळजी'. लाल शाईने. त्याच्या काळ्या शाईतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका त्याच अक्षरांवर लाल शाईने गिरवून दुरुस्त करायची आणि पुढच्या वेळी तीच चूक दिसली की म्हणायची, "अरे, मी दुरुस्त करून दिलेलं तुला दिसत नाही का?" सगळ्या वर्गासमोर म्हणायची. तो खाली मान घालून उभा राहायचा. नकाशा रंगवताना त्याने एकदा निजामाच्या मुलखाला आणि मराठ्यांच्या मुलखाला जवळजवळ एकच रंग दिला. ती वही मी वर्गात वर धरून दाखवली आणि मुलं हसली. मी हसू दिलं.

काही वर्षांनी त्याची आई एस. टी. स्टँडवर भेटली. म्हणाली, बाई, पोरगा लेखी परीक्षेत वरच्या नंबराने पास झाला, पण एका मोठ्या सरकारी नोकरीतून डोळ्याच्या तपासणीत काढून टाकलं. मी म्हटलं, अरेरे. चष्म्याचा नंबर जास्त असेल असं समजून घरी आले. माझ्याच वडिलांची मुलगी मी! तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

नोकरीतली ही तपासणी कुठून आली, तो इतिहासही कळला तो असा. १८५५ साली एडिंबरोच्या जॉर्ज विल्सन या रसायनशास्त्रज्ञाने हजाराहून अधिक माणसं तपासून रंगांधळेपणावर पुस्तक लिहिलं आणि बजावलं की आगगाड्यांना आणि जहाजांना लाल-हिरवे दिवे लावता आहात, ते न ओळखणारे लोक पुष्कळ आहेत. पण दिवे तसेच राहिले. १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि नऊ माणसं गेली. उप्सालाचे प्राध्यापक फ्रिथिऑफ होल्मग्रेन यांनी शंका काढली की कर्मचाऱ्याला दिव्याचा रंग कळला नसावा. त्यांनी एका रेल्वेमार्गावरचे २६६ कर्मचारी तपासले, त्यात १३ रंगांधळे निघाले. लागरलुंडाचा अपघात खरोखर त्यामुळे झाला का, याबद्दल अलीकडच्या अभ्यासकांना दाट शंका आहे. पण तपासणी मात्र जगभर रूढ झाली.

होल्मग्रेन यांची पद्धत शिक्षिका म्हणून मला मनापासून आवडली. ते रंगाचं नाव विचारतच नसत. टेबलावर लोकरीच्या रंगीत लडींचा ढीग ओतायचे, एक लड समोर ठेवायची आणि 'याच्यासारख्या दिसणाऱ्या लडी निवडा' म्हणायचं. कारण नावं पाठ करता येतात. माझे वडीलही 'गवत हिरवं, रक्त लाल' हे बिनचूक सांगत. ते पाठांतर होतं. आम्ही परीक्षेत पाठांतर तपासतो आणि समज तपासली असं मानतो, त्यातलाच प्रकार.

पुढे जर्मनीत स्टिलिंग यांनी रंगीत ठिपक्यांचे तक्ते काढले आणि जपानमध्ये शिनोबु इशिहारा या लष्करी डॉक्टरांनी ते सुधारून १९१७ साली प्रसिद्ध केले. आमच्या नातवासमोर उघडलेलं पुस्तक त्यांचंच. अजून तेच वापरतात. कमाल अशी की इथे छापणाऱ्याला शाईचं सगळं मर्म कळलेलं होतं. कुठले दोन रंग कुणाला एकसारखे दिसतात, कुठल्या छटेशेजारी कुठली छटा ठेवली की आकडा नाहीसा होतो, हे त्या पुस्तकात इतकं अचूक साधलेलं आहे की एकाच पानावर मला ७४ वाचता येतात आणि नातवाला २१.

इथे मी वाचता वाचता थांबले. कुठल्या शाईत काय दिसत नाही हे १९१७ साली ठाऊक होतं. मग त्याच ज्ञानाने कुठल्या शाईत सगळ्यांना दिसेल हे का नाही ठरवलं? विल्सन, होल्मग्रेन, इशिहारा, सगळ्यांचा रोख माणूस हुडकण्यावर. हुडकायचा आणि बाजूला काढायचा. सिग्नलच्या कामात ते योग्यच, शेकडो जिवांचा प्रश्न असतो. पण पुस्तकं, नकाशे, फळे, वह्या, दिनदर्शिका? तिथे कुणाच्या जिवाला धोका नव्हता, म्हणून कुणाला घाईही नव्हती.

तो उलटा प्रश्न जोरात विचारला तो ज्यांना दिसत नव्हतं त्यांनीच. मासाताका ओकाबे आणि केई इतो हे दोन जपानी जीवशास्त्रज्ञ, दोघेही रंगांधळे. शास्त्रीय सभांमधून पडद्यावर लाल-हिरव्या रंगातली चित्रं दाखवत, ती त्यांना उलगडत नसत. २००२ च्या सुमाराला त्यांनी सहकाऱ्यांना सांगायला सुरुवात केली की आमच्या डोळ्यांत दुरुस्ती होणार नाही, तुमच्या रंगांत होऊ शकते. त्यांनी आठ रंगांचा एक संच सुचवला. लाल घ्यायचाच तर शेंदराकडे झुकणारा घ्या. हिरवा घ्यायचा तर निळसर झाक असलेला घ्या. नारिंगी, आकाशी, गडद निळा, पिवळा, जांभळट गुलाबी आणि काळा. लाल आणि हिरव्याची जोडी लावायची तर हिरव्यासोबत गडद गुलाबी लावा. गंमत बघा, एकही रंग त्यांनी हद्दपार केला नाही, फक्त थोडा सरकवला. त्याच वर्षी अमेरिकेत सिंथिया ब्रूअर या भूगोलाच्या प्राध्यापिकेची नकाशांसाठी रंग निवडून देणारी सोयही लोकांसमोर आली आणि त्यात कोणते रंग रंगांधळ्या वाचकाला चालतील हे सांगितलेलं असे. जपानमध्ये तर अशा मुलांना ओळखू येतील असे खडूसुद्धा तयार होतात, आणि फळ्यावर मुख्यतः पांढरा व पिवळा खडू वापरा असं तिथल्या शिक्षकांना सांगितलं जातं. पिवळा खडू! माझ्या पेटीत तो लाल खडूच्या शेजारीच पडलेला असायचा. पैशाचाही फरक नव्हता.

आपल्याकडेही हळूहळू बदल होतो आहे. २०२० साली केंद्र सरकारने सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवाना मिळण्याची वाट मोकळी केली. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रकरणात सांगितलं की रंगांधळ्या विद्यार्थ्यांना चित्रपटाच्या अभ्यासक्रमांतून सरसकट वगळता येणार नाही. चित्रपटासारख्या रंगांच्या दुनियेत हे होऊ शकतं, तर आठवीच्या इतिहासाच्या वहीत का होऊ नये?

माझ्या ओळखीतले बरेच वाचक शिक्षक आहेत, काही शाळांची हस्तलिखितं आणि वार्षिकं काढतात, काही मंडळांची पत्रकं छापतात. त्यांच्यासाठी मला जे कळलं ते थोडक्यात सांगते. काळ्या मजकुरात लाल शब्द ठळक दिसेल असं समजू नका; काहींना तो काळाच दिसतो. काळ्या फळ्यावर लाल खडू तर वापरूच नका. वहीत मुलाने काळ्याने लिहिलं असेल तर निळ्याने तपासा, निळ्याने लिहिलं असेल तर मग लाल किंवा नारिंगी चालेल. निळा रंग बहुतेक सगळ्यांना नीट कळतो. लाल-हिरवा, हिरवा-तपकिरी, फिकट गुलाबी-राखाडी या जोड्या टाळा. दोन रंगांत गडद-फिका असा फरक ठेवा. याची सोपी परीक्षा म्हणजे कागदाची साधी काळीपांढरी झेरॉक्स काढून बघणं. झेरॉक्समध्येही भाग वेगळे कळले तर बहुतेक कुणाचं अडणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकट्या रंगावर कधीच विसंबू नका. शब्दाखाली रेघ मारा, चौकट करा, नकाशात एका मुलखाला तिरप्या रेघा आणि दुसऱ्याला ठिपके द्या, प्रदेशावर नाव लिहा.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. कारण दौतीच्या गळ्यात दोरा बांधणं म्हणजे दुसरं काय होतं? ओकाबे आणि इतोंच्या कितीतरी आधी, चौथी इयत्तेनंतर नोकरीसाठी धडपडलेल्या एका कारकुनाने ते एकट्याने शोधून काढलं होतं, कुणालाही न सांगता. सांगितलं असतं तर कदाचित नोकरीवर आलं असतं.

नातवाच्या तपासणीनंतर मी महिनाभर त्या मुलाचा विचार करत होते. शेवटी त्याच्या वर्गातल्या एकाकडून नंबर मिळवला आणि फोन केला. तो आता पन्नाशीचा. स्वतःचा व्यवसाय आहे, मुलगी शिकते आहे. "बाई, तुम्ही? काय काम काढलंत?" म्हणून त्याने आनंदाने विचारलं. मी सगळं सांगितलं. फळा, लाल खडू, शेरे, नकाशा. म्हटलं, "मी तुला निष्काळजी म्हणत होते, बाळा. निष्काळजी मी होते." पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बाई, मला वाटायचं तुम्ही मुद्दाम गाळलेल्या जागा ठेवता. बाकीची पोरं घरून अभ्यास करून येतात म्हणून भरतात, आणि मलाच येत नाही." मग म्हणाला, "नोकरीच्या वेळी ते पुस्तक समोर आलं तेव्हा कळलं. पण तोवर मी ढ आहे हे माझं ठरून गेलं होतं." हे तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. नकाशाचा विषय त्याने काढला नाही, आणि मलाही पुन्हा काढायचा धीर झाला नाही.

फोन ठेवल्यावर मनात हिशोब करू लागले. छत्तीस वर्षं शिकवलं. वर्षाला किती वर्ग, वर्गात किती मुलगे. हिशोब अर्धवट सोडून दिला. एक सापडला, बाकीचे कोण होते ते मला कधीच कळणार नाही. त्यांतलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी एवढंच समजावं की फळ्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. ते तुम्हाला दिसेल असं मी लिहिलं नव्हतं.

नातू आता मोठ्या वर्गात गेला आहे. त्याच्या रंगपेन्सिलींवर आम्ही दोघांनी मिळून चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत, ला, हि, त, ना. चिठ्ठी निघाली की तो स्वतःच नवीन लावतो. परवा त्याने विचारलं, "आजी, पणजोबांनी दोराच का बांधला, चिठ्ठी का नाही लावली?" मी म्हटलं, चिठ्ठी लावली असती तर कुणीतरी वाचली असती.